दोनशे सदतीस तास

महामाया गजभारे नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात चौदा वर्षांपासून प्रयोगशाळा सहायक होती. कॉलेजच्या तिन्ही मजल्यांवरची नेटवर्कची केबल तिच्या डोळ्यांसमोर टाकली गेली होती, बरीचशी तर तिनंच ओढली होती. कोणत्या खोलीतला सॉकेट ढिला आहे, कोणत्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, कोणत्या कपाटामागं उंदीर केबल कुरतडतात, हे तिला पाठ होतं. पण कागदावर ती सहायक होती. नेटवर्कची जिम्मेदारी दुसऱ्याच्या नावावर होती, आणि बिघाड झाला की तो दुसरा तिलाच हाक मारायचा.

जूनमध्ये तो हैदराबादला नोकरी लागून गेला. प्राचार्य दयानंद सरांनी स्टाफची बैठक घेतली.

"संस्थेला बाहेरून माणूस आणायचा नाही," सर म्हणाले. "आपल्यातल्याच कुणीतरी डिसेंबर अखेरपर्यंत आयटीचं एखादं मान्यताप्राप्त सर्टिफिकेशन पास व्हावं. जागा त्याची."

'त्याची' म्हणताना सर वीरेशकडं बघत होते. वीरेश उदगीरचा, पंचवीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला, कॉलेजात लागून वर्षच झालं होतं. पोरगा चांगला होता, पण सुरू केलेलं काही पुरं करायचा नाही. त्याच्या मोबाइलमध्ये ऑनलाइन कोर्सेस होते, एकूण अकरा, सगळे अर्ध्यावर.

बैठक संपल्यावर महामाया प्रयोगशाळेत आली तर वीरेश फळ्यावर यादी लिहीत होता.

"मॅडम, बघा. सोप्याकडून अवघडाकडं लिहून राहिलो," तो म्हणाला. "क्लाउडची पहिली पायरी, तीस तास. हार्डवेअरवालं ए प्लस, दोन पेपर, सव्वाशे तास. सिक्युरिटी प्लस, तेवढेच. सीसीएनए, म्हणजे आपलं नेटवर्किंग, दोनशे तास. आणि सगळ्यात वर हे सीआयएसएसपी, सुरक्षेतलं सगळ्यात मोठं. त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, ते सोडून द्या."

"हे तास कुठून काढले?"

"नेटवरून."

"कोणाचे तास हायेत हे?"

वीरेशला प्रश्न कळला नाही. महामायानं तो पुन्हा विचारला नाही. पण तिच्या डोक्यात तो राहिला. ज्यानं दोनशे लिहिलं त्याच्या घरी पाणी कधी येतं, स्वयंपाक कोण करतं, त्याला इंग्रजी वाक्य एकदा वाचून कळतं का तीनदा, हे त्या आकड्यात कुठंच नव्हतं.

मग तिनं आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. चौदा वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली पोरं पुण्यात होती, हैदराबादेत होती, एक दुबईत होता. फोन उचलला की सगळे आधी विचारायचे, "मॅडम, कॉलेजात काय झालं का?" ती म्हणायची, "काही न्हाई झालं. सीसीएनएला तुला किती तास लागले ते खरंखरं सांग."

एकानं नव्वद सांगितले. खोदून विचारल्यावर कळलं की तेव्हा त्याला नोकरी नव्हती, खोलीवर एकटा होता, दिवसभर तेच करत होता, आणि पहिल्यांदा नापास झालेले तास त्यानं मोजलेच नव्हते. वर्षाराणी नावाची एक रेणापूरची मुलगी आता पुण्यात होती. तिला अकरा महिने लागले होते. "मॅडम, बाळ मांडीवर झोपलं की तेवढं वाचायचे," ती म्हणाली. "तीनशेच्या वर गेले असतील. पण लई आवडलं मला ते." दुबईवाल्यानं सांगितलं की क्लाउडचं सोपं असतं ते फक्त आधीपासून त्यात काम करणाऱ्याला.

महामायानं वहीत एक तक्ता आखला. परीक्षेचं नाव, पास होणाऱ्याचं नाव, नोकरी करत होता का, घरात लहान मूल होतं का, विषयाचं काम हातानं केलं होतं का, खरे तास किती. नऊ नावं झाली तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. ज्यांनी केबलला हात लावला होता त्यांना सीसीएनए इतरांपेक्षा कमी वेळात झालं होतं. हात तर तिनं चौदा वर्षं लावला होता.

तिनं सीसीएनए ठरवलं. वीरेशनं क्लाउड.

घरी सांगायचं तिनं चार दिवस टाळलं. नवरा सुगत मुदखेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता, रोज सकाळच्या गाडीनं जायचा. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मग सकाळचा डबा मी करतो. पोळ्या येत न्हाईत, भात येतो." सासू नागुबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी एकच विचारलं, "सरकारी हाय का?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग कामून करून राहिली?"

"मला येतं ते, म्हणून."

नागुबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, ते कळलं नाही.

खरी धास्ती मुलीची होती. उत्पला सतरा वर्षांची, लातूरला वसतिगृहात राहून मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करत होती. तिच्या अभ्यासाच्या वर्षात आईनं आपलाच अभ्यास काढावा हे महामायाला बरोबर वाटत नव्हतं. जुलैच्या पहिल्या रविवारी ती डबा घेऊन लातूरला गेली. वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून उत्पलानं शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. डबा धुऊन झाल्यावर महामायानं चाचरत सांगितलं.

उत्पलानं हात पुसले. "पेपर किती मार्कांचा?"

"हजारातले आठशेच्या वर लागतात म्हणतात."

"वेळ?"

"दोन तास. शंभर प्रश्न. आणि पुढं गेलं की मागच्या प्रश्नावर येता येत न्हाई."

"म्हणजे आमच्याहून वाईट," उत्पला म्हणाली, आणि आत जाऊन कोरा कागद घेऊन आली. पुढचा तासभर ती बोलत होती आणि महामाया ऐकत होती. रविवारी नवीन वाचायचं नाही, फक्त आठवड्याचं परत करायचं. चुकलेल्या प्रश्नांची वही वेगळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "आई, नुसते वाचलेले तास मी धरणार न्हाई. पुस्तक उघडून बसलं की बरं वाटतं, पण त्यात येत काहीच न्हाई. सोडवलेले तास सांगायचे मला."

"तुला कधी सांगू?"

"आठ ते साडेआठ फोन देतात ना. रोज सांगायचे."

असं ते सुरू झालं. महामाया पहाटे पाचला उठायची, सात वाजता नळ येईपर्यंत जमेल तेवढं बसायची. संध्याकाळी आठला फोन वाजायचा.

"आज किती?"

"दोन तास."

"सोडवलेले?"

"पाऊण."

"आई."

"उद्या करते, माय."

आधी महामाया विचारायची, तू जेवलीस का, झोप झाली का. आता ते मागं पडलं. दोघी एकमेकींना चुका सांगायच्या. उत्पलाला सेंद्रिय रसायन जात नव्हतं, महामायाला सबनेटिंग.

सबनेटिंग म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे सारखे लहान भाग पाडणं. संगणकांचे दोनशे छप्पन्न पत्ते आहेत, त्यांच्यात चार विभाग बसवा, आठ बसवा, कुठला भाग कुठं सुरू होतो ते सांगा. नेटवर त्याला सहा तास लिहिले होते. महामायाचे तेवीस झाले तरी दर तिसरं उत्तर चुकत होतं. सूत्र पाठ होतं, हात चालत नव्हता. ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी सकाळी तिनं वही बंद केली आणि सुगतला म्हणाली, "मला वाटतं मी क्लाउडचंच घ्यायला पाहिजे होतं."

सुगत भात लावत होता. "आता बदलायचं का?" त्यानं विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

त्याच दिवशी दुपारी ती आणि नागुबाई गच्चीवर वाळलेल्या चादरी घड्या घालत होत्या. दोघींनी दोन टोकं धरली, मध्ये दुमडली. पुन्हा दुमडली. पुन्हा. महामाया थांबली.

"काय झालं गं? सोड की टोक," नागुबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, थांबा. उघडा परत."

त्यांनी चादर उघडली. एक घडी, दोन भाग. दोन घड्या, चार भाग. तीन घड्या, आठ. दर घडीला भाग दुप्पट होत होते आणि आकार निम्मा. दोनशे छप्पन्न, एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस. आणि प्रत्येक भाग कुठं सुरू होतो ते चादरीवरच्या मोडीवरून दिसत होतं. पुस्तकातलं सूत्र हेच सांगत होतं, फक्त तिनं ते कधी हातात धरलं नव्हतं.

"परत घाला घडी," ती म्हणाली.

नागुबाईंनी त्या दुपारी चादरीला सोळा वेळा घडी घातली आणि सोळा वेळा उघडली. शेवटी त्या बेजार झाल्या. "मेली चादर आता फाटती," म्हणाल्या आणि गच्चीच्या कठड्याला टेकून हसायला लागल्या. संध्याकाळी महामायानं वीस गणितं केली. एकोणीस बरोबर आली. आठ वाजता उत्पलाला सांगितलं.

"आई, विसावं कामून चुकलं?" उत्पला म्हणाली.

सप्टेंबरात कॉलेजात तंत्रशिक्षण मंडळाची ऑनलाइन परीक्षा होती. एकशे दहा मुलं तीन खोल्यांत बसलेली, दहाला पेपर सुरू व्हायचा, आणि पावणेदहाला सगळं नेटवर्क ठप्प झालं. वीरेश धावत आला. दयानंद सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागले. अशा वेळी पूर्वी महामाया एकेक केबल काढून बघायची, त्यात अर्धा दिवस जायचा. आज तिनं सगळ्या केबली जिथं जुळतात त्या स्विचचं कपाट उघडलं आणि कशालाच हात न लावता बघत उभी राहिली. सगळे दिवे एकाच वेळी, थांबेनात असे, लुकलुकत होते.

"वीरेश, हे चक्कर झालंय," ती म्हणाली. "कुठंतरी एकाच केबलची दोन्ही टोकं आपल्याच नेटवर्कमध्ये घुसवलीत. निरोप गोल गोल फिरून राहिलेत, त्यामुळं बाकीच्यांना वाटच न्हाई. आज कुठं सामान हलवलं का कुणी?"

"लायब्ररीत रंगकाम चाललंय मॅडम."

दोघं लायब्ररीत पळाले. रंगाऱ्यांनी टेबलं सरकवली होती, आणि परत लावताना कुणीतरी लोंबकळणारं केबलचं टोक उचलून भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोचून दिलं होतं. दुसरं टोक शेजारच्या सॉकेटमध्ये होतंच. महामायानं एक टोक उपसलं. परीक्षेच्या खोलीतून वीरेशच्या मोबाइलवर फोन आला, सुरू झालं म्हणून. दहाला तीन मिनिटं कमी होती.

वीरेश लायब्ररीच्या पायरीवर बसला. "मॅडम, मी हे सेकंड इयरला शिकलोय," तो म्हणाला. "त्यावर बारा मार्कांचा प्रश्न लिहिला होता. चांगले पडले होते मार्क."

"मग ओळखलं कामून न्हाई?"

"कधी बघितलं नव्हतं ना."

त्या दिवसापासून दोघं चारनंतर प्रयोगशाळेत एकत्र बसायला लागले. इंग्रजीतला लांबलचक प्रश्न वीरेश फोडून सांगायचा, कारण कधीकधी सगळा अवघडपणा विषयात नसून एका 'except' मध्ये असायचा. जुन्या स्विचवर ती त्याला खऱ्या चुका करून दाखवायची आणि दुरुस्त करायला लावायची. त्याची क्लाउडची परीक्षा ऑक्टोबरात होती. तीस तासांची. तो अठ्ठावीस तास व्हिडिओ बघून गेला आणि नापास होऊन आला. दोन दिवस प्रयोगशाळेकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी महामायानं आपली तक्त्याची वही त्याच्यापुढं ठेवली.

"यात तुझं नाव लिही. खरे तास लिही."

"नापासाचे पण?"

"ते तर आधी."

त्यानं लिहिलं. मग सोडवायला बसला. नोव्हेंबरच्या शेवटी तो पास झाला, एकूण त्र्याहत्तर तास. पेढे वाटताना दयानंद सरांना म्हणाला, "सर, माझं झालंय, पण जागेसाठी मॅडमची परीक्षा होईपर्यंत थांबा. हे नेटवर्क मला अजून कळत न्हाई, आणि मला पुढं पुण्याला जायचंय." सर थांबले.

महामायानं फॉर्म भरला तेव्हा लातूरच्या केंद्रावर सोयीची तारीख मिळाली. तेरा डिसेंबर, शनिवार, सकाळी साडेनऊ. ती आदल्या दिवशीच्या बसनं लोहा, अहमदपूर करत लातूरला गेली आणि एका मैत्रिणीकडं उतरली. सकाळी केंद्रावर पोचली तर फाटकापाशी उत्पला उभी. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात केळी.

"तुला क्लास न्हाई का?"

"आज चाचणी होती. सोमवारी देते म्हणून सांगितलं. कागद घेतलेस का सगळे? दोन ओळखपत्रं?"

"घेतले."

"पाणी पी. जास्त पिऊ नको. पहिला प्रश्न अवघड आला तर घाबरायचं न्हाई."

हे सगळं महामायानं तिला दहावीपासून प्रत्येक पेपरला सांगितलं होतं, याच क्रमानं. ती दोन घोट पाणी प्यायली आणि आत गेली.

पहिला प्रश्न अवघडच आला. तिनं तो तीनदा वाचला, जमेल ते उत्तर दिलं आणि सोडला, परत यायची सोय नव्हतीच. विसाव्या प्रश्नापर्यंत ती सारखी घड्याळाकडं बघत होती. मग पडद्यावर चार स्विचचं एक चित्र आलं, जोडणी बिघडलेली, दुरुस्त करा म्हणून. तिनं खुर्ची पुढं ओढली. हे तिचं कॉलेज होतं, फक्त भिंतींना ओल नव्हती. तिथून पुढं घड्याळाकडं तिनं दोनदाच बघितलं.

बाहेर आली तेव्हा उत्पला रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली, मुलांच्या परीक्षेला आईबाप बसतात तशी, वर्तमानपत्र अंथरून बसली होती. मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक उघडं होतं, पण ते उलटं होतं. ती उठली आणि पेपर कसा गेला ते विचारलं नाही. "भूक लागली असंल," एवढंच म्हणाली. वसतिगृहात परीक्षेनंतर पेपरावर बोलायचं नाही असा नियम होता आणि तो तिनं आईलाही लावला. दोघींनी बसस्टँडजवळ उसळ-पाव खाल्ला. निकाल ईमेलनं येणार होता, काही तासांत किंवा दोन दिवसांत.

दोनच्या बसनं महामाया निघाली. अहमदपूरला बस चहासाठी थांबली. ती खाली उतरली, मोबाइलला नेटवर्क आलं, आणि एक ईमेल आली. तिनं ती उघडली. 'Pass' हा शब्द वाचला. नाव आपलंच आहे ना ते बघितलं. मग पुन्हा तो शब्द वाचला.

आधी उत्पलाला फोन. पण तिचा मोबाइल आठपर्यंत वसतिगृहाच्या कपाटात बंद. महामायानं वॉर्डन सिंधुताईंना लावला.

"ताई, उत्पला गजभारेला एक निरोप द्याल का?"

"घरी सगळं ठीक आहे ना?" सिंधुताईंचा आवाज लगेच बदलला. असे अवेळी आलेले फोन त्यांनी बरेच घेतले होते.

"सगळं ठीक आहे. तिला सांगा, तिची आई पास झाली."

"कोण पास झालं?"

"मी. तिची आई."

सिंधुताई फोन चालूच ठेवून अभ्यासिकेकडं गेल्या, चपलांचा आवाज महामायाला ऐकू येत होता. दार उघडल्याचा आवाज आला. "पोरींनो, दोन मिनिटं पुस्तकं खाली ठेवा," सिंधुताई म्हणाल्या. "उत्पलाची आई परीक्षा पास झाली." मग साठ-सत्तर पोरींच्या टाळ्या, बाकांवर हात आपटल्याचे आवाज, आणि त्यातून वाट काढत आलेली उत्पला.

"आई, किती?"

"मार्क न्हाई बघितले अजून. पास म्हणलंय."

"तास किती झाले एकूण?"

"काल हिशेब लावला मी. दोनशे सदतीस. त्यात सोडवलेले एकशे चाळीस."

"बरं," उत्पला म्हणाली. "उद्या रविवार आहे. झोप तू."

कंडक्टरनं घंटी मारली, ती आत येऊन बसली. शेजारच्या सीटवरची बाई विचारत होती, काय झालं, रडता कामून. महामायानं सांगितलं. बाईनं पिशवीतून दोन चिकू काढून तिच्या हातात दिले आणि मागच्या सीटवरच्या बहिणीला मोठ्यानं खुलासा केला. लोह्यापर्यंत निम्म्या बसला ते कळलं होतं.

संध्याकाळी सहाला नांदेडच्या स्टँडवर सुगत ऑटो घेऊन उभा होता. आत नागुबाई बसलेल्या, नवं लुगडं नेसून.

"झाली का गं पास?"

"हाव, आत्याबाई."

"मग आता काय करतीस तिथं? दाखव मला."

दाखवणं जानेवारीत झालं. दयानंद सरांनी एक तारखेला पत्र दिलं, महामायाच्या टेबलावर नव्या पदाची पाटी आली. तिची जुनी 'प्रयोगशाळा सहायक'ची जागा भरायला निघाली. पहिल्याच सोमवारी नागुबाई सुनेचं बोट धरून सर्व्हरच्या खोलीत आल्या. वीरेशनं त्यांना खुर्ची दिली. त्या कपाटातल्या हिरव्या दिव्यांकडं, निळ्या केबलींच्या नीट बांधलेल्या जुड्यांकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"हे सगळं तूच चालवतीस?"

"मी आणि हा वीरेश."

"आणि बंद पडलं तर?"

"मग मी बघते कुठं अडकलंय ते."

नागुबाईंनी पदर सावरला आणि पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसल्या. खोलीत यंत्रांसाठी एसी चालू होता.

"इथं लई थंड हाय," त्या म्हणाल्या. "मी बसते जराशी. तू कर तुझं काम."

वीरेश हसला आणि त्यांच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेला. महामायानं खुर्ची ओढली आणि तिसऱ्या मजल्यावरची तक्रार उघडली.